अन्नदान आणि अन्नविद्या



भंडाऱ्याच्या पंक्ती आताच उठल्या आहेत. प्रसाद घेऊन तृप्त झालेल्या मंडळींपुढे उपासमारीचा विषय काढणे कोणास विपरीत वाटेल. परंतु भुकेचा विचार भुकेल्या पोटी शांतपणे होत नाही, तो भरल्या पोटीच करावयाचा असतो.

अन्नदानाची थोरवी या स्थानी नव्याने सांगावी असे नाही. दारी आलेल्यास आधी पान वाढावे आणि मग त्याचे नाव-गाव पुसावे, ही रीत येथील सेवेकऱ्यांच्या अंगवळणी पडली आहे. तथापि दानाचे अन्न एका वेळेस पुरते. गावाने वर्षाचे धान्य कणगीत कसे राखावे, पाऊस चुकल्यास काय पेरावे, गुरांच्या वैरणीची बेगमी केव्हा करावी, लेकरांच्या ताटात भाकरीबरोबर डाळ आणि पालेभाजी कशी यावी, ही एक वेगळीच विद्या आहे. तिला अन्नविद्या म्हणावे. ही विद्या ज्यास अवगत असते तो बहुधा एका गावी राहतो, आणि जिला तिची गरज असते ती माउली दुसऱ्याच गावी चूल फुंकीत बसलेली असते. या दोघांची गाठ कशी घालावी, हा प्रश्न बडोद्यास शंभरांहून अधिक वर्षे परिचित आहे. त्यासाठी येथे आणि अन्यत्र जे प्रयत्न झाले ते पाहता असे दिसते की, विद्येच्या आड अंतर फारसे येत नाही. विचारणाऱ्यास उत्तर न मिळणे हेच आड येते.

गुजराथेत ज्याला ‘छप्पनियो’ म्हणतात तो संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ. बडोद्यातील जुन्या घरांतून त्याच्या आठवणी पुढच्या पिढ्यांनीही ऐकल्या. बडोदे संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत सुमारे २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती १९ लाख ५३ हजारांच्या खाली आली. ही सगळीच घट भुकेने झाली असे म्हणणे बरोबर होणार नाही. पटकी, ताप आणि प्लेग यांनीही आपला वाटा उचलला. परंतु अशक्त झालेल्या शरीरास रोग लवकर गाठतो, त्यामुळे भूक आणि रोग यांचा हिशेब वेगळा मांडणे अवघडच आहे.

या दुष्काळात एक गोष्ट विशेष होती. गुजराथ हा सुपीक व सुखवस्तू मुलूख. दुष्काळ येथे येत नाही अशी शेतकऱ्याची आणि सरकारचीही समजूत झालेली होती. दख्खनच्या कोरडवाहू भागातील कुणब्यास मात्र अवर्षणाची जुनी ओळख होती. त्याच्या शेताच्या कडेला कडब्याची गंजी उभी असे, मृग कोरडा गेला की तो हुलगा-मटकीचा विचार करू लागे, आणि फारच ताण पडला तर गुरे घेऊन पाणवठ्याच्या मुलखाकडे निघे. दुष्काळ त्यासही चुकला नाही, माणसे तिकडेही मेली. पण पहिल्या महिन्यात काय करावयाचे एवढे तरी त्यास ठाऊक असे. गुजराथच्या कित्येक शेतकऱ्यांना ते ठाऊक नव्हते. वैरणीची तजवीज नसल्याने ज्या जनावरांसाठी हा प्रांत नावाजलेला होता ती जनावरे गोठ्यातच गेली. आणि बैल गेले म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस पडूनही नांगर धरावयास जोडी राहिली नाही. आगगाडी होती, तिने परमुलखातून धान्य आणता आले. अनुभव मात्र आगगाडीने आणण्याची सोय नव्हती.

श्रीमंत सयाजीराव महाराज या काळात दुष्काळी मुलखात स्वतः फिरले. गावकऱ्यांना आणि कामगारांना प्रश्न विचारून त्यांनी जी टिपणे केली ती १९०१ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. राजाने दुष्काळी कामावर जाऊन पाहणी करणे यात नवल नाही. परंतु विचारलेले आणि ऐकलेले लिहून ठेवणे यात एक निराळी बुद्धी दिसते. महाराजांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली शेतकरी घरात झाला होता, आणि १८७५ मध्ये दत्तकविधान होऊन ते राजवाड्यात आले. पुढे १८८३ मध्ये महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या आपल्या ग्रंथाचा भाग त्यांना वाचून दाखविला आणि तो त्यांनी लक्षपूर्वक ऐकला, हे फुल्यांनीच नमूद करून ठेवले आहे. त्या ग्रंथात सरकारवरील रोषाबरोबरच बांधबंदिस्ती, तळी, गुरांची निपज यांविषयी व्यवहाराच्या सूचना पुष्कळ आहेत. पुण्याच्या एका माणसाने शेतकऱ्याच्या वतीने बडोद्याच्या राजास अन्नविद्या शिकवावी, हा प्रसंग या विषयाचा मंगलारंभच मानावयास हरकत नाही.

दुष्काळाच्या आधीच, १८९३ मध्ये, अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झालेला होता. १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू झाला. मुले वाचू लागली, पण खेड्यात वाचावयास काय होते? तेव्हा १९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम अलॅन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणण्यात आले. १९१३ मध्ये ते परत गेले, परंतु त्या तीन वर्षांत ग्रंथालयांचे जे जाळे विणण्यास आरंभ झाला त्यातील एक धागा येथे सांगण्याजोगा आहे. तो म्हणजे फिरती ग्रंथालये. मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून ती आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने खेड्यात पाठवावयाची, गावातील एका जबाबदार माणसाच्या हवाली करावयाची, मुदत भरली की ती परत यावयाची आणि दुसरी जावयाची. वाहतुकीचा खर्च संस्थान सोशी. पेट्यांच्या जोडीला जादूच्या कंदिलाची चित्रे आणि पुढे हलती चित्रेही गावोगाव दाखविली जात, म्हणजे ज्यास अक्षर येत नाही तोही अगदीच कोरडा राहू नये. याच खात्यातून १९१२ मध्ये निघालेले ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असे. दोन भाषांत निघणाऱ्या या स्मरणग्रंथाच्या वाचकांस त्याचे कौतुक वाटेल.

पेटीची कल्पना थोर होती यात संशय नाही. तरीही तिला एक मर्यादा होती आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पेटी बोलते, ऐकत नाही. पुस्तकात लिहिले आहे की बियाण्यास अमुक औषध लावावे. गावातील शेतकरी विचारतो, माझी जमीन खारवट आहे, मला हे चालेल का? पेटीला त्याचे उत्तर देता येत नाही. ती मुदत संपताच परत जाते, आणि शंका गावातच राहते.

कोणत्या गोष्टी लिहून पाठविता येत नाहीत, हे घरातल्या एका साध्या उदाहरणावरून कळेल. दक्षिणेकडून बडोद्यास आलेल्या मराठी कुटुंबांना ज्वारीत कडुनिंबाचा पाला घालून कणगी भरण्याची सवय होती. येथे गहू आणि तूरडाळ आली, आणि शेजारच्या गुजराती काकी-मासींनी त्यांना वर्षाच्या गव्हास एरंडेलाचा हात, म्हणजे दिवेल, लावावयास शिकविले. किती तेल घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर मापात सांगणारी बाई विरळा. दाणा चकाकला पाहिजे पण तळहात ओशट राहता कामा नये, ऊन दिलेला गहू निवल्यावाचून हात लावू नये, असे ती सांगते. आणि तेवढ्यानेही समजले नाही तर स्वतः ओसरीवर येऊन पहिले सूप करून दाखविते. पुढल्या पावसाळ्यात पोरकिडे झाले तर तिलाच विचारता येते. बडोद्याच्या कित्येक मराठी घरांतील धान्य अशा शेजारपणाने टिकले. दूरच्या गावास विद्या पाठवावयाची तर या शेजारणीचे काम कोणी तरी केले पाहिजे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

ते काम ओळखले कोसंब्याने. नवसारी प्रांतातील कोसंबे येथे १९३२ मध्ये बडोदे संस्थानाने ग्रामपुनर्रचनेचे केंद्र काढले. दिवाण सर व्ही. टी. कृष्णम्माचारी यांचा त्यामागे पुढाकार होता आणि मार्गदर्शन होते डॉ. स्पेन्सर हॅच यांचे. हॅच यांचे स्वतःचे केंद्र त्रावणकोरात, आज तमिळनाडूत असलेल्या मार्तंडम येथे, म्हणजे जवळजवळ कन्याकुमारीच्या वाटेवर. तेथे त्यांनी गरीब कुटुंबांना कोंबड्या आणि मधमाश्या पाळावयास शिकवून अंडी व मध यांची सहकारी विक्री उभी केली होती. त्यांची पद्धत थोडक्यात अशी : गावकऱ्याचे काम गावकऱ्यानेच करावयाचे, पैसाही शक्यतो त्याचाच, बाहेरच्या जाणत्याने फक्त जवळचा सल्लागार म्हणून राहावयाचे. केंद्रात येऊन शिकलेल्याने घरी जाऊन करून पाहावे, अडले म्हणजे पुन्हा विचारावे. हिंदुस्थानच्या दक्षिण टोकास रुजलेली ही रीत तापीच्या उत्तरेस कोसंब्यात आली, ती कोणा मोठ्या यंत्राच्या बळावर नव्हे. परसातल्या भाज्या, कोंबड्या, शेतीची सुधारणा, स्वच्छता आणि पंचायत अशा लहानसहान कामांच्या साखळीने आली. कृष्णम्माचारी पुढे नियोजन मंडळावर गेले. १९५३ मध्ये देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय विस्तार सेवेच्या घडणीत कोसंब्याच्या अनुभवाचा अंश आहे. ग्रामसेवक हा शब्द तेव्हापासून घरोघर झाला. मात्र एका ग्रामसेवकाकडे सुमारे दहा गावे, आणि शिवाय नाना तऱ्हेचे तक्ते भरण्याचे काम. तेव्हा ओसरीवर बसून पहिले सूप करून दाखविण्यास त्यास सवड कितीशी मिळणार?

मराठी मुलखाने याचे एक उत्तर १९५६ मध्ये शोधून पाहिले, आणि ते उत्तर आजही विचारात घेण्यासारखे आहे. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा उपक्रम चालू होता : रेडिओवरील भाषण एकट्याने न ऐकता शेजाऱ्यांनी एकत्र जमून ऐकावयाचे, त्यावर चर्चा करावयाची, आणि काय ठरले, काय कळले नाही, ते केंद्रास लिहून पाठवावयाचे. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने हाच प्रयोग पुणे केंद्रावरून मराठीत केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेडी निवडण्यात आली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम होई. शेती, जनावरे, आरोग्य, साक्षरता, सहकार, ग्रामपंचायत, असे विषय असत. गावात पंधरा-वीस जणांचे मंडळ, एक अध्यक्ष, एक लिहिणारा. कंदिलाच्या उजेडात कार्यक्रम ऐकून झाल्यावर चर्चा सुरू होई आणि चिठ्ठी पुण्यास जाई. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात तिचे उत्तर येई. आपल्या गावाचा प्रश्न आकाशवाणीवर वाचला गेला, हे ऐकताना त्या मंडळींस काय वाटले असेल याची कल्पना करावी.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. श्रवणमंडळे असलेल्या वीस गावांची तुलना मंडळे नसलेल्या वीस गावांशी करण्यात आली, आणि या दुसऱ्या वीस गावांपैकी निम्म्यांत रेडिओ होता, निम्म्यांत नव्हता. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली आढळली. पण ज्या गावांत नुसता रेडिओ होता आणि मंडळ नव्हते, तेथे फारसा फरक पडलेला दिसला नाही. रेडिओ तोच, कार्यक्रम तोच, भाषाही तीच. फरक होता तो चार माणसांनी एकत्र बसण्याचा, आणि परत जाणाऱ्या चिठ्ठीचा. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. मंडळांची संख्या हजारांवर गेली. परंतु पुण्याच्या प्रयोगात जी निगराणी होती ती एवढ्या विस्तारात राहिली नाही, आणि हळूहळू पुष्कळ मंडळे नावापुरती उरली. विस्ताराचा मोह सरकारला होतो तसाच धर्मसंस्थांनाही होतो, हे येथे हळूच सांगून ठेवण्यास हरकत नसावी.

बडोद्याच्या शेजारीच, खेडा जिल्ह्यात, पीज येथील प्रक्षेपकावरून १९७५ पासून दूरचित्रवाणीने ग्रामीण शिक्षणाचा असाच एक नावाजलेला प्रयत्न झाला. त्यास १९८४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. त्याचा विस्तार येथे करीत नाही, कारण याहून अधिक लक्षणीय अशी एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे, आणि तिच्यात प्रक्षेपकही नाही, पेटीही नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. घरे पुन्हा बांधण्याच्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली खेड्यांतील स्त्रियांना संवाद-साहाय्यक केले. सरकारचे म्हणणे गावास समजावून सांगणे आणि गावाचे म्हणणे सरकारपर्यंत पोचविणे हे त्यांचे काम. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये धरणीकंप झाला, तेव्हा लातूरकडील या स्त्रिया कच्छला गेल्या. यांची भाषा मराठी, त्यांची कच्छी-गुजराती. परंतु जिचे घर पडले होते तिच्याशी बोलावयास, जिचे घर एकदा पडून पुन्हा उभे राहिले होते ती आली होती. दुभाष्याची गरज त्या मानाने कमीच भासली असेल.

याच संस्थेच्या स्त्रियांनी पुढे मराठवाड्याच्या वारंवारच्या दुष्काळात एक एकराची शेती सुरू केली. कुटुंबाच्या जमिनीपैकी एखादा तुकडा बाईने मागून घ्यावयाचा आणि त्यात ऊस-सोयाबीन न घेता घरच्या चुलीस लागणाऱ्या डाळी, भाज्या, ज्वारी-बाजरी घ्यावयाची. थोड्या पाण्यावर, घरच्या बियाण्यावर, शेणखत-गांडूळखतावर. बाजारात भाव पडला तरी ताटातील वरण पडत नाही. ही विद्या एका बाईने दुसरीस, एका गावाने दुसऱ्या गावास सांगितली. या कामास २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा विषुववृत्त पुरस्कार, म्हणजे ‘इक्वेटर प्राइझ’, मिळाला. या सगळ्यात अवघड पायरी कोणती, असे विचारल्यास बियाणे किंवा पाणी हे उत्तर देता येत नाही. नवऱ्याकडून आणि सासऱ्याकडून तो एक तुकडा मागून घेणे हीच अवघड पायरी. तेथे पुस्तक उपयोगी पडत नाही. जिने तो आधी मागून घेतला आहे तिचा शब्द उपयोगी पडतो, मग ती शेजारच्या घरात असो वा शंभर कोसांवर.

आता चित्र पालटले आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने कोट्यवधी कुटुंबांस माणशी दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला आहे. छप्पनियाच्या काळी हे कोणास स्वप्नातही दिसले नसते. २००४ पासून शेतकऱ्यास मराठीत किंवा गुजरातीत फोनवर सल्ला विचारता येतो, आणि खिशातील फोनवर तर चित्रासह सारे दिसते. परंतु नुसता रेडिओ असलेली ती दहा खेडी येथे आठवावीत. फोन हाती आहे म्हणजे मंडळ आहे असे होत नाही. पाच किलो धान्याने पोट भरते, पण अंगणवाडीतील लेकराचे वजन वाढावयास डाळ, तेल, पालेभाजी आणि स्वच्छ पाणी लागते. २०१३ मध्ये वडोदरा जिल्ह्यातून वेगळा झालेला छोटा उदेपूर जिल्हा येथून दूर नाही. तेथील आदिवासी माता-बालकांची पोषणाची चिंता सर्वश्रुत आहे. दुसरीकडे याच शहरात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात, हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, १९५० मध्ये गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली. आहारशास्त्र शिकलेल्या किती तरी लेकीसुना तेथून बाहेर पडल्या. त्यांतील कित्येक आज मुंबई-पुण्यास, कित्येक सातासमुद्रापार आहेत. विद्या आहे, गरजही आहे; मध्ये जो लिहून घेणारा आणि उत्तर आणून देणारा हवा तो तेवढा नाही.

मठाने हे काम हाती घ्यावे काय, हा विचार विश्वस्तांनी करावयाचा आहे. येथील स्वयंपाकघरात शेकडो पाने उठविणाऱ्या भगिनींना कोणत्या धान्यास कोणती कीड लागते, चार महिन्यांची डाळ कशी राखावी आणि थोड्या तेलात पुष्कळांचे जेवण कसे होते, हे कोणत्याही पदवीधारकाहून कमी ठाऊक नाही. त्यांचेही नाव या जाणत्यांच्या यादीत असले पाहिजे, आणि ज्यांच्याकडून शिकावयाचे त्यांत रानातील कंद-पाने ओळखणाऱ्या आदिवासी आजीबाईही असल्या पाहिजेत. नाही तर पुन्हा ती एकतर्फी पेटीच व्हावयाची. प्रारंभी दहा गावांचे नाव काढू नये, दोन पुरेत. प्रत्येक गावी आठ-दहा बायकांचे एक मंडळ, त्यांतील एक लिहिणारी. मठात प्रश्नांची एक वही. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरलेली, त्या वेळी फोन उचलणारे माणूस जागेवर हजर. आणि ज्या प्रश्नास त्या दिवशी उत्तर देता आले नाही त्याच्यापुढे वहीत तारीख घालून जागा मोकळी ठेवलेली. पावसाळ्यापूर्वी परसातल्या बियाण्यांचे प्रश्न येतील, दिवाळीनंतर कणग्या आणि कोठ्यांचे. उन्हाळ्यात, भाजी संपते तेव्हाचे प्रश्न सर्वांत कठीण असतील. त्यांसाठी वहीची पाने अधिक ठेवावीत.